भाड्याचे गोदाम, लोकांची अमानत: वाढत्या फिनटेक कंपनीने क्लाउड कसा निवडावा?

महंमद अली रोडवरचे अत्तराचे दुकान असो, भिवंडीतील सुताची पेढी असो की मालेगावातील यंत्रमागाचा कारखाना असो, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद गल्ल्याशेजारी चिकटवलेला नाही असे ठिकाण आता शोधूनच काढावे लागेल. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते, टेबलावरची डबी रक्कम मोठ्याने सांगते आणि व्यवहार पुरा होतो. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हा या गोष्टीवर विश्वास ठेवायला आमचे अनेक व्यापारी बंधू तयार नव्हते. आज चहावाला आणि रफूगरही तिच्यावर विसंबून आहे.

हे काम करणाऱ्या कंपन्यांना फिनटेक म्हणतात. कोणी पैसे वसूल करून देते, कोणी बिलांवर उचल मिळवून देते, कोणी नुसता हिशेब ठेवते. आमच्या मोहल्ल्यांतील शिकलेली मुलेही या धंद्यात उतरू लागली आहेत आणि भांडवलासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे येत आहेत. धंदा वाढू लागला की एक प्रश्न ठरलेला असतो: कंपनीची सारी माहिती कोणत्या क्लाउडवर ठेवायची? वडील म्हणतात, हे यंत्राचे काम आहे, तुमचे तुम्ही बघा. मुले म्हणतात, जो पहिले वर्ष फुकट देतो त्याचाच घेऊ.

आमच्या मते दोघांचेही चुकते. हा प्रश्न यंत्राचा कमी आणि व्यापाराचा अधिक आहे. जागा कोणाची, किल्ली कोणाकडे, नुकसान झाले तर कोणाचे आणि करार मोडायचा झाला तर वाट कोणती, हे प्रश्न ज्याने आयुष्यात एकदा तरी गोदाम भाड्याने घेतले आहे त्याला शिकवावे लागत नाहीत. तेच प्रश्न इथे विचारायचे आहेत.

बोलणे नेमके व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पू. समजा, भिवंडीतील तीन तरुणांनी एक कंपनी काढली. कारखानदारांची बिले, सूत व्यापाऱ्यांची वसुली आणि कामगारांचा पगार मोबाइलवरून करून देणे हा तिचा धंदा. पहिल्या वर्षी ४०० गिऱ्हाइके होती, तिसऱ्या वर्षी ती ४० हजार झाली. पगाराच्या दिवशी संध्याकाळी दोन तासांत हजारो कामगारांच्या खात्यांवर पैसे जायचे असतात. त्याच वेळी यंत्रणा बंद पडली तर? एखाद्या कामगाराला गावी पैसे पाठवायचे असतील, दुसऱ्याला खोलीचे भाडे द्यायचे असेल. त्यांना क्लाउडचे नावही ठाऊक नाही, पण नुकसान त्यांचे होणार आहे.

क्लाउड म्हणजे परक्याचे गोदाम

नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरच असते. मोठ्या इमारतीत हजारो संगणक रचलेले असतात, त्यांना अखंड वीज आणि थंडावा पुरवलेला असतो आणि त्यांतील जागा व ताकद भाड्याने दिली जाते. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती उभ्या आहेत. पूर्वी कंपनीला आपले संगणक विकत घेऊन बसवावे लागत. आता जितके वापराल तितके भाडे, असा हिशेब असतो.

या धंद्यात तीन नावे मोठी आहेत. मायक्रोसॉफ्ट अझूरने २०१५ साली पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे केंद्रे सुरू केली. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत विभाग उघडला. गूगल क्लाउड २०१७ साली मुंबईत आणि २०२१ साली दिल्लीत आले. यांखेरीज ओरॅकल आहे आणि काही देशी पुरवठादारही आहेत.

यांतला चांगला कोणता, असे आम्हाला कोणी विचारले तर एका नावावर बोट ठेवता येणार नाही. तिघांकडेही आपल्या उदाहरणातील कंपनीला पुरेल इतके सामर्थ्य आहे. फरक पडतो तो आपण काय ठेवतो, कसे ठेवतो आणि करार कसा करतो याने. म्हणून आधी प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न: माल कोणत्या गावात आहे?

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितले की देशातील पेमेंट व्यवहारांची संपूर्ण माहिती भारतातच साठवली पाहिजे. सहा महिन्यांची मुदत दिली होती. पुढच्या वर्षी खुलासा केला की प्रक्रिया परदेशात झाली तरी तिथली माहिती पुसून एका कामकाजी दिवसात किंवा २४ तासांत, जे आधी असेल तेव्हा, भारतात आणावी लागेल.

हा नियम कागदावर राहिला नाही. तो पाळला नाही या कारणावरून रिझर्व्ह बँकेने १ मे २०२१ पासून अमेरिकन एक्स्प्रेस व डायनर्स क्लब यांना आणि २२ जुलै २०२१ पासून मास्टरकार्डला भारतात नवी गिऱ्हाइके घेण्यास मनाई केली. बंदी उठायला काहींना २०२१ चा नोव्हेंबर, तर काहींना २०२२ साल उजाडावे लागले. जगभर पसरलेल्या कंपन्यांची ही गत, तर भिवंडीच्या कंपनीला कोण सवलत देणार?

इथे एक बारकावा सांगतो. मुख्य खतावणी मुंबईत ठेवली म्हणजे काम झाले असे समजू नये. राखीव प्रत, यंत्राच्या कामाची रोजची नोंद, तक्रारींची नोंद ठेवणारी सेवा, एसएमएस पाठवणारी सेवा या सर्वांत गिऱ्हाइकाची आणि व्यवहाराची माहिती झिरपते. त्यांपैकी एखादी सिंगापूर किंवा अमेरिकेतून चालत असेल, तर माल मागच्या दाराने बाहेर गेलाच. म्हणून पुरवठादाराकडे पाहण्यापूर्वी आपल्याकडची कोणती माहिती कुठे जाते याची यादी एका कागदावर लिहून काढावी.

दुसरा प्रश्न: किल्ली कोणाकडे?

गोदामाचा मालक भिंत, छप्पर आणि पहारा देतो. आत माल कसा रचायचा, कुलूप कोणते लावायचे आणि किल्ली कोणत्या नोकराला द्यायची हे भाडेकरूचे काम. क्लाउडमध्येही अशीच वाटणी असते आणि ती करारात लिहिलेली असते. इमारत, वीज, यंत्रे यांची जबाबदारी पुरवठादाराची; आपला डेटा, आपला प्रोग्रॅम आणि कोणाला कशाची परवानगी याची जबाबदारी आपली.

ही वाटणी न समजल्याने काय होते हे अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या प्रकरणात दिसले. तिची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. २०१९ साली एका बाहेरच्या व्यक्तीने अमेरिका व कॅनडातील मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती मिळवली. गोदामाची भिंत फुटली नव्हती. बँकेनेच लावलेल्या सुरक्षा जाळीची मांडणी चुकली होती आणि त्या वाटेने हाती लागलेल्या परवानगीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त कपाटे उघडता येत होती. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या बँक नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला. तो बँकेला केला, गोदामवाल्याला नाही.

आपल्याकडचा कायदाही हेच सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी तिचीच राहते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. शिवाय सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

तेव्हा भिवंडीच्या कंपनीने काय करावे? प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरतीच परवानगी द्यावी. मुख्य खात्याला पासवर्डशिवाय दुसरे कुलूपही असावे. माहिती कुलूपबंद भाषेत ठेवावी आणि त्या कुलपाची किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी सोय घ्यावी. काम सोडून गेलेल्या मुलाची परवानगी त्याच दिवशी बंद व्हावी. ही शिस्त नसेल तर सर्वांत महाग क्लाउडही कामाचा नाही आणि ही शिस्त असेल तर साधी सोयही पुष्कळ सुरक्षित होते.

तिसरा प्रश्न: आग लागली तर?

१० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या पुरवठादाराच्या केंद्राला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ज्यांची राखीव प्रत दुसऱ्या शहरात होती ते सावरले. ज्यांनी अस्सल आणि नक्कल एकाच ठिकाणी ठेवली होती त्यांच्यापैकी काहींचे सारेच गेले.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात. मोठे पुरवठादार एका विभागात काही अंतरावर अनेक केंद्रे ठेवतात. एका केंद्राची वीज गेली तर दुसरे काम सांभाळते. ही सोय घ्यावीच. पण पूर, भूकंप किंवा संपूर्ण विभागाच्या यंत्रणेतला दोष यापुढे ती पुरी पडत नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागात पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि व्हेनमोसारखी पैसे पाठवण्याची सेवा तसेच ब्रिटनमधील काही बँकांच्या सेवाही अडखळल्या. आग नव्हती, पूर नव्हता. आपोआप चालणाऱ्या दोन कामांची एकमेकांत गफलत झाली होती. याच कारणाने दुसऱ्या शहरातील विभागात प्रत हवी. मुंबईसोबत हैदराबाद, पुण्यासोबत चेन्नई, मुंबईसोबत दिल्ली अशा जोड्या भारतातच मिळतात, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचा नियमही मोडत नाही.

याहून विचार करायला लावणारे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तिथे युनिसुपर नावाचा निवृत्तिवेतन निधी आहे. सहा लाखांहून अधिक सभासद आणि सुमारे १२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची ठेव. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरील त्याची खासगी व्यवस्था पुसली गेली. ती उभारताना पुरवठादाराकडच्या एका माणसाने एक रकाना रिकामा सोडला होता. त्यामुळे मुदत आपोआप एक वर्षाची धरली गेली आणि वर्ष भरताच यंत्राने सारे साफ केले. निधीने दोन ठिकाणी व्यवस्था ठेवली होती. पुसताना दोन्ही गेल्या, कारण दोन्ही एकाच करारातल्या होत्या. सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांनी संयुक्त निवेदन काढून चूक मान्य केली. युनिसुपरने दुसऱ्या एका पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या आणि पुन्हा उभे राहण्यात त्या उपयोगी पडल्या.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. किमान एक प्रत दुसऱ्या शहरात असावी. किमान एक प्रत अशा ठिकाणी असावी की मुख्य पुरवठादाराच्या खात्यावरून ती पुसताच येणार नाही. आणि तिमाहीतून एकदा ती प्रत उघडून, तिच्यावरून हिशेब उभा करून पाहावा. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली थैली. तिच्यात किती आहे हे गरजेच्या वेळी कळून उपयोग नाही.

याच वेळी मालकांनी दोन आकडे ठरवून लिहून ठेवावेत. आपली सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिली तर चालेल? आणि किती मिनिटांच्या नोंदी हरवल्या तर पुन्हा जुळवता येतील? पगार देणाऱ्या कंपनीला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ शून्य द्यावे लागेल. नुसता साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीला एक तासही चालेल. या दोन आकड्यांवर सारा खर्च ठरतो. ते न ठरवता पुरवठादाराच्या माणसाशी बोलायला बसणे म्हणजे मापे न घेता शिंप्याकडे कापड टाकणे.

चौथा प्रश्न: भाव कसा पाहावा?

नव्या कंपन्यांना मोठे पुरवठादार सुरुवातीला काही रकमेचा वापर मोफत देतात. ही सवलत घेण्यात गैर काही नाही. पण ठोक व्यापारी नव्या दुकानदाराला पहिला माल उधारीवर देतो तेव्हा त्याचा हेतू आमच्या वाचकांना सांगावा लागत नाही. सवलत संपेपर्यंत कंपनीची सारी घडी त्या पुरवठादाराच्या खास सेवांवर बसलेली असते आणि मग येईल ते बिल भरावे लागते.

भाव पाहताना संगणकाच्या तासाचा दर एवढाच पाहू नये. पुढील बाबी बिलात हळूच चढतात: डेटा बाहेर नेण्याचे शुल्क, दोन केंद्रांमधील देवघेवीचे शुल्क, नोंदी साठवण्याचा खर्च, रात्री-अपरात्री मदत मिळावी म्हणून घ्यावा लागणारा वेगळा करार आणि प्रयोगासाठी सुरू करून बंद करायला विसरलेली यंत्रे. आमचा सल्ला असा की, गेल्या तीन महिन्यांचा आपला प्रत्यक्ष वापर कागदावर मांडावा, तो तिप्पट झाला तर काय होईल हे लिहावे आणि तोच कागद दोन-तीन पुरवठादारांना देऊन भाव मागवावा. दर एका प्रकारे आणि माल दुसऱ्या प्रकारे मोजला तर तुलना कधीच खरी होत नाही.

बिल रुपयांत की डॉलरमध्ये, हेही विचारावे. रुपयांत बिल मिळत असले तरी मूळ दर डॉलरला बांधलेला असेल तर विनिमयाचा चढउतार आपल्यावरच येतो. एक किंवा तीन वर्षांच्या बांधिलकीवर दर बरेच उतरतात. पण ज्याची उलाढाल दर सहा महिन्यांनी बदलते आहे त्याने सगळा वापर बांधून टाकू नये. रोजच्या ठाम गरजेपुरताच बांधावा आणि सणासुदीचा जोर तासाच्या दराने भागवावा. ईद आणि दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात वापर किती चढतो हे आपल्यालाच ठाऊक असते, परदेशातल्या दरपत्रकाला नाही.

धंदा खूप मोठा झाला की हिशेब उलटूही शकतो. फोनपेने २०२३ साली नवी मुंबईतील महापे येथे ४.८ मेगावॅट क्षमतेचे डेटा केंद्र सुरू केले. ज्याला रोज प्रचंड आणि ठरलेला वापर आहे, शिवाय स्वतःचे कुशल मनुष्यबळ आहे, त्याला आपल्या मालकीची यंत्रे परवडतात. ४० हजार गिऱ्हाइकांच्या कंपनीने मात्र ही हौस करू नये. तिचे भांडवल गिऱ्हाइकांच्या सेवेत लागले पाहिजे, वातानुकूलन यंत्रांत नाही.

पाचवा प्रश्न: बाहेर पडण्याची वाट कोणती?

करार करताना तो मोडण्याची अट आधी वाचावी, हा जुन्या पेढ्यांचा शिरस्ता होता. इथे तर तो नियमातच आला. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी बँका व वित्तीय कंपन्यांनी माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याबाबत निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी आपलीच, पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क करारात हवा, त्याने पुढे कोणाला काम दिले ते कळले पाहिजे आणि बाहेर पडण्याची योजना आधीपासून तयार हवी, असा त्यांचा गाभा होता. क्लाउडसाठी त्यात वेगळी पुरवणीच जोडली होती. छोटी फिनटेक कंपनी स्वतः बँक नसली तरी ती कोणत्या तरी बँकेच्या किंवा वित्तीय कंपनीच्या आधाराने काम करते आणि ती बँक हीच कलमे तिच्या करारात घालते. ही तयारी नसलेल्या कंपनीशी करार करायला बँक कचरू शकते, तेव्हा हा खर्च टाळण्याचा विचार करू नये.

बाहेर पडणे सोपे राहावे यासाठी सुरुवातीलाच काळजी घ्यावी लागते. माहितीचा साठा पोस्टग्रेससारख्या खुल्या प्रणालीत ठेवला तर तो कोणत्याही पुरवठादाराकडे उचलून नेता येतो. प्रोग्रॅम कंटेनर पद्धतीने बांधला तर, बंदरातला डबा जसा कोणत्याही ट्रकवर बसतो, तसा तो कुठेही चालवता येतो. एखाद्या पुरवठादाराची खास सेवा घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. तिने सहा महिन्यांचे काम सहा दिवसांत होत असेल तर घ्यावी. पण ती सोडायची झाल्यास किती महिने लागतील हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

२०२४ च्या सुरुवातीला गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचे डेटा नेण्याचे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले. बाब चांगली आहे, पण रोजच्या देवघेवीचे शुल्क त्याने गेले नाही.

एक पुरवठादार की दोन?

काही सल्लागार सुचवतात की सारी यंत्रणा दोन क्लाउडवर सारखीच चालवावी. ऐकायला हे भरभक्कम वाटते. प्रत्यक्षात दोन्हीकडची कुलपे, दोन्हीकडची बिले आणि दोन्हीकडचे जाणकार सांभाळावे लागतात. लहान कंपनीत माणसे तीच असतात, त्यामुळे लक्ष विभागले जाते आणि चुका वाढतात.

लंडनच्या मोन्झो या बँकेने मधला मार्ग काढला. तिची मुख्य यंत्रणा ॲमेझॉनवर चालते. दुसरीकडे गूगल क्लाउडवर तिने एक छोटी राखीव यंत्रणा उभारली. कार्डाने पैसे देणे, पैसे पाठवणे, शिल्लक पाहणे एवढीच अत्यावश्यक कामे ती करते. मुख्य यंत्रणेची ती नक्कल नाही, वेगळ्या प्रकारे लिहिलेली आहे. त्यामुळे एकीकडचा दोष दुसरीकडे जात नाही. तिचा खर्च मुख्य यंत्रणेच्या सुमारे एक टक्का आहे असे त्या बँकेच्या अभियंत्यांनीच लिहिले आहे.

भिवंडीच्या कंपनीला हे पेलण्यासारखे आहे. एक पुरवठादार नीट निवडावा, त्याची विद्या पक्की करावी, दुसऱ्याकडे राखीव प्रत ठेवावी आणि पुढे ऐपत आली की "आजचा पगार जाऊ दे, बाकी उद्या पाहू" एवढे काम करणारी छोटी यंत्रणा तिथे उभारावी.

साखळीतली लहान कडी

क्लाउड चांगला निवडला तरी मधल्या सेवांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तात्पुरते तोडले. देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या गिऱ्हाइकांना त्या काळात यूपीआयने पैसे देता-घेता आले नाहीत. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नसेल, पण त्यांच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ते समजावून काय उपयोग? आमच्या अनेक कारागीर बंधूंची खाती अशाच लहान बँकांत असतात.

म्हणून फिनटेक कंपनीने आपला पुरवठादार, त्याचा पुरवठादार आणि मधले दुवे यांचा नकाशा काढून भिंतीवर लावावा. ज्या एका दुव्याने सारे थांबते त्याला पर्याय शोधावा.

शेवटी माणसे. पाच अभियंत्यांपैकी चौघे एकाच पुरवठादाराच्या कामात तयार असतील तर दुसऱ्याचा दर थोडा कमी आहे म्हणून तिकडे धावू नये. रात्री दोन वाजता यंत्रणा बंद पडते तेव्हा दरपत्रक उपयोगी पडत नाही, जाणता माणूस उपयोगी पडतो.

भांडवल देणाऱ्यांनी आणि गिऱ्हाइकांनी विचारावे असे सात प्रश्न

आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच घरी अशी कंपनी असेल. पण अशा कंपनीच्या हाती आपली वसुली सोपवणारे पुष्कळ आहेत आणि मुला-पुतण्यांच्या धंद्यात पैसे घालणारेही आहेत. त्यांनी संकोच न करता पुढील प्रश्न विचारावेत.

१. आमच्या व्यवहारांची माहिती कोणत्या शहरात आहे? राखीव प्रत आणि इतर सेवाही भारतातच आहेत का?

२. माहितीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे आणि ती किती जणांना वापरता येते?

३. मुख्य पुरवठादाराचे खातेच बंद पडले तर कोणती प्रत शाबूत राहील?

४. ती प्रत शेवटची कधी उघडून पाहिली? तारीख सांगा.

५. सेवा बंद पडली तर जास्तीत जास्त किती वेळात सुरू होईल आणि तोवर आम्हाला कोण कळवेल?

६. उलाढाल तिप्पट झाली तर दरमहा बिल किती होईल?

७. हा पुरवठादार सोडायचा ठरवला तर किती महिने लागतील?

ज्या कंपनीचे चालक यांची उत्तरे सरळ देतील तिच्याशी व्यवहार करावा. "सर्व काही क्लाउडवर आहे, काळजी नको" असे उत्तर आले तर समजावे की त्यांनी गोदाम पाहिलेले नाही, फक्त पाटी पाहिली आहे.

व्यापारात दुसऱ्याची अमानत सांभाळणारा माणूस जागा भाड्याने घेऊ शकतो, पहारेकरी पगारावर ठेवू शकतो. जबाबदारी मात्र कोणाला भाड्याने देता येत नाही. कॅपिटल वनचा दंड हेच सांगतो आणि आपला कायदाही हेच सांगतो. आमच्या तरुणांनी या धंद्यात जरूर उतरावे, मोठे व्हावे. क्लाउड निवडायला बसताना मात्र दरपत्रकाशेजारी एक नाव लिहून ठेवावे: पगाराच्या संध्याकाळी मोबाइलकडे पाहत बसलेल्या एका कामगाराचे.